हत्ती, गाढव आणि हमरियाची बस

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या स्टाफ बसमध्ये रबरी मॅटखाली वाळू साचते ना, तसे ते साचतात. रोज चिमूटभर आत येते, कोणी झाडत नाही, आणि एक दिवस मॅट उचलली की म्हणतो, अरे बापरे, एवढी! परवा फडकेसाहेबांची सीट रिकामी दिसली आणि माझ्या डोक्यातली मॅट उचलली गेली. म्हणून सांगायला बसले आहे. हसायला आलं तर खुशाल हसा, मी पण सांगताना हसतेच. शेवटपर्यंत हसाल असं मात्र मी काही कबूल करत नाही.

मी वैशाली. मूळची ठाण्याची, आता बरीच वर्षं शारजाची. हमरिया फ्री झोनमधल्या एका अॅल्युमिनियमच्या फॅक्टरीत एक्स्पोर्टची कागदपत्रं करते. खिडक्या-दारांच्या चौकटींना लागतात त्या पट्ट्या आम्ही बनवतो आणि जगभर पाठवतो. सकाळी बस शारजातून निघते, संध्याकाळी तीच परत आणते, आणि मधे आमचं अमेरिकेचं राजकारण चालतं.

हो, अमेरिकेचं. कसं ते आता सांगते.

* * *

बसमध्ये आम्ही मराठी चार-पाच जण. त्यातले दोन महत्त्वाचे. एक फडकेसाहेब, एक्स्पोर्ट सेल्सचे मॅनेजर, पुण्याचे. ऑगस्टमध्येसुद्धा त्यांच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही. दुसरे कादरभाई मुकादम, स्टोअर सांभाळतात, रत्नागिरीकडचे. तोंडाने तिखट, पण फडके मासे खात नाहीत म्हणून त्यांच्यासाठी घरून वेगळी सोलकढी आणणारे.

काही वर्षांपूर्वी भारतातल्या निवडणुकीवरून या दोघांचं जोरदार वाजलं. कोण काय बोललं ते मी सांगणार नाही, कारण ते आठवलं की मला अजून कसंतरी होतं. आठवडाभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बस मयतीला निघाल्यासारखी चालायची. सोलकढीची बाटली कादरभाईंच्या पिशवीतून येत होती आणि तशीच परत जात होती.

शेवटी कादरभाईंनीच तोंड उघडलं.

“फडकेसाहेब, भांडल्याशिवाय तुम्हाला करमत नाही, आणि खरं सांगू, मला पण नाही. पण स्वतःच्या घरावरून भांडलं की लागतं. दुसऱ्याच्या घरावरून भांडू या.”

कुणाच्या घरावरून, यावर चर्चा झाली. ज्या देशाचं मीठ खातो त्याच्यावर बोलायची आपली रीत नाही. पाकिस्तान नको, कारण आमचा ड्रायव्हर गुल खान पेशावरचा आणि स्टिअरिंग त्याच्या हातात. इंग्लंडच्या राजकारणात कुणाला रस नव्हता. मग फडके म्हणाले, अमेरिका बरी. दोनच मोठे पक्ष आहेत, हिशोब सोपा.

कोण कुठल्या पक्षात जाणार यावरून नवं भांडण नको म्हणून मी चिठ्ठ्या केल्या. एकीवर हत्ती, एकीवर गाढव, दोन्ही पक्षांची चिन्हं. फडक्यांनी उचलली तर हत्ती निघाला. “गणपतीच आला की,” म्हणून त्यांनी चिठ्ठी कपाळाला लावली. अशा रीतीने फडकेसाहेब रिपब्लिकन झाले.

कादरभाईंनी गाढवाच्या चिठ्ठीकडे जरा वेळ बघितलं. “बरोबर आहे,” ते म्हणाले, “इतकी वर्षं स्टोअरमध्ये ओझीच वाहतोय.” आणि ते डेमोक्रॅट झाले.

* * *

पक्ष ठरल्यावर सगळ्या बसच्या सीटा ठरल्या. हत्तीवाले उजव्या रांगेत, गाढववाले डाव्या. पण झालं काय, आमचा रस्ता असा आहे की जाताना ऊन उजवीकडून येतं आणि येताना सूर्य मावळतीला गेला तरी पुन्हा उजवीकडूनच. फडके दोन्ही वेळा भाजून निघायचे. कादरभाई त्यांना दर उन्हाळ्यात पक्षांतराची ऑफर द्यायचे. फडके खिडकीला पेपर लावून बसायचे, पण जागा सोडली नाही.

एक नियमही झाला. तिथल्या कुठल्याही नेत्याचं नाव बसमध्ये घ्यायचं नाही, कारण नाव आलं की आवाज चढतो. घेतलं तर सगळ्यांना समोसे. पंधरा दिरहम, म्हणजे साडेतीनशे रुपये, असा हिशोब मी मनात करायची आणि तोंड मिटून घ्यायची. फडके मात्र महिन्यातून एकदा तरी खिसा मोकळा करायचे. आम्हीही त्यांना मुद्दाम डिवचायचो, समोसे गरम मिळायचे.

* * *

अमेरिकेत जास्त मतं मिळवून माणूस हरू कसा शकतो, हे मला काही केल्या कळेना. फडके म्हणाले, प्रयोग करू.

आमच्या फॅक्टरीतल्या मराठी ग्रुपचं वर्षातून एकदा एकत्र जेवण असतं. मिसळ की बिर्याणी, एवढाच प्रश्न होता. फडक्यांनी जाहीर केलं की मतदान अमेरिकन पद्धतीने होईल. प्रत्येक अमिरात म्हणजे एक राज्य. जिथे जितकी माणसं राहतात तितकी मतं त्या राज्याला, वर दोन फुकट. राज्यात जो जिंकेल तो सगळीच्या सगळी घेऊन जाईल.

आमचे बहुतेक लोक शारजाचे. थोडे अजमानचे, थोडे दुबईत सिलिकॉन ओएसिसला राहणारे. आणि उम्म अल कुवैनला राहायचा फक्त एक माणूस, लॅबमधला प्रदीप शिंदे, साताऱ्याचा. एकट्या शिंद्याचं एक अख्खं राज्य! पंधरा दिवस त्या माणसाची बडदास्त जावयासारखी चालली होती. मिसळवाले त्याला सकाळी चहा पाजत होते आणि बिर्याणीवाले दुपारी. कादरभाईंनी त्याच्या आईच्या गुडघ्यांसाठी तेल आणून दिलं.

मतदान झालं. एकूण मोजली तर मिसळीला दहा, बिर्याणीला सहा. पण मिसळीची मतं बहुतेक शारजात पडलेली. अजमान आणि दुबई एकेका मताने बिर्याणीकडे गेले, शिंद्याचं राज्यही तिकडेच गेलं, आणि बिर्याणी निवडून आली. दहा माणसं तोंड वाकडं करून बिर्याणी खात होती आणि फडके खूश होऊन सांगत होते, हीच तर त्या पद्धतीची गंमत, लहान राज्याला पण किंमत राहते.

जेवताना मी शिंद्याला विचारलं, तू बिर्याणीला का दिलंस?

तो म्हणाला, “मिसळीने मला अॅसिडिटी होते. पण पंधरा दिवसांत हे मला कोणी विचारलंच नाही. जो तो एवढंच सांगत होता की समोरच्याला पाडायचंय.”

* * *

माझ्या मुलीला शाळेत अमेरिकन घटनेवर प्रोजेक्ट होतं. मी म्हटलं, घरबसल्या दोन तज्ज्ञ मिळतील. शुक्रवारी दोघांना चहाला बोलावलं. दोघं पोह्यांच्या बश्या बाजूला सारून तिला शिकवायला बसले. सिनेट काय, काँग्रेस काय, कोर्ट कुणाला अडवू शकतं, सगळं. मधेमधे एकमेकांना दुरुस्त करत होते. मला फार कौतुक वाटलं.

मुलगी वहीत लिहून घेत होती. शेवटी पेन बंद करून म्हणाली, “बट अंकल, यू बोथ कान्ट व्होट एनीव्हेअर, राइट?”

खरंच होतं. इथे प्रश्नच नाही. तिकडे पुण्याच्या यादीतून फडक्यांचं नाव कधीच उडालेलं. कादरभाईंचं गावच्या यादीत आहे, पण निवडणूक आणि त्यांची रजा आजवर एकत्र आलेली नाही.

कादरभाई हसले आणि बशी जवळ ओढून गार पोहे खायला लागले. फडके मात्र गंभीर झाले. “माझा मुलगा देईल,” ते म्हणाले. “मंदार. त्याचं नागरिकत्व व्हायचंय आता.”

* * *

मंदार त्यांचा एकुलता एक. शारजातच वाढला, मग शिकायला अमेरिकेत गेला आणि ओहायोत स्थायिक झाला. तो नागरिक झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी फडक्यांनी बसमध्ये पेढे वाटले. गुल खानला दोन दिले. आमच्या घरात आता एक तरी मत असं आहे की ज्याला जगात वजन आहे, असं ते प्रत्येकाला सांगत होते. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर त्यांनी मंदारला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिकडे सकाळ होती. आम्ही सगळ्यांनी अभिनंदन केलं. मग फडक्यांनी विचारलं, मत कुणाला देणार?

मंदार म्हणाला, बाबा ते कशाला आत्ता. फडके म्हणाले, सांग, सगळी बस ऐकतेय.

“डेमोक्रॅट्सना,” मंदार म्हणाला.

कादरभाईंनी टाळी वाजवली. आला रे आला, आमच्यात आला! मीही हसले. आम्हाला वाटलं फडके आता खोटं खोटं चिडतील आणि समोसे मागवतील. पण त्यांचा चेहरा बदलला. चिठ्ठी कधीच मागे पडली होती. इतकी वर्षं रोज वाचून, ऐकून, वाद घालून हत्ती त्यांच्या अंगात भिनला होता. त्यांची कारणंही काही खोटी नव्हती. जन्मभर प्रत्येक देशाच्या व्हिसासाठी इमानाने रांगेत उभा राहिलेला माणूस तो, रांग मोडून घुसणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग होता. ते मंदारला हेच सांगायला लागले.

मंदारने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बाबा, ग्रीन कार्ड मिळेपर्यंत मी रांगेतच होतो. तरी दर वर्षी घर आवरायची तयारी ठेवून जगलो. तुम्हाला माहीत आहे ते.”

“नियमाने गेलेल्याला कसली भीती?”

“तुमचा स्वतःचा व्हिसा दर दोन-तीन वर्षांनी रिन्यू होतो. आणि तुम्ही हे म्हणता?”

फडके म्हणाले, “माझ्या जिवावर तिथे गेलास, आता मलाच शिकवू नकोस.” आणि फोन बंद केला.

पेढ्यांचा बॉक्स माझ्या मांडीवर होता. दुसरा पेढा कुणी घेतला नाही. उतरताना कादरभाई त्यांच्या कानाशी बोलले, मी मागेच होते म्हणून ऐकलं. ते म्हणाले, साहेब, चिठ्ठी होती हो ती. फडके म्हणाले, सुरुवात चिठ्ठीने झाली असेल, आता ते माझं मत आहे.

त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. सुलभावहिनी मंदारला रोज फोन करायच्या. त्या करायला लागल्या की फडके बाल्कनीत जाऊन दार लोटून घ्यायचे. मला त्यांचा तेव्हा राग आला होता. आजही येतो. एवढा शहाणा माणूस, आणि ज्या देशात त्याला कुणी ओळखत नाही तिथल्या पक्षासाठी पोटचा पोरगा दूर करून बसला.

* * *

अमेरिकेत मतमोजणी रात्री होते, म्हणजे आपल्याकडे सकाळी, नेमकी बसच्या वेळेला. त्या दिवशी बसमध्ये प्रत्येकाच्या हातात फोन. हत्तीवाले ओरडतायत, मग गाढववाले ओरडतायत. गुल खानला राहवेना.

“किसका मैच है?”

“अमेरिका का इलेक्शन है, खान.”

“पाकिस्तान का कोई खेल रहा है?”

“नहीं.”

“तो आवाज कम करो.”

आम्ही आवाज कमी केला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की फडके ओरडतच नव्हते. त्यांचा पक्ष पुढे होता, उजवी रांग नाचत होती, आणि ते फोन डोळ्यांजवळ धरून गप्प बसले होते. मी वाकून बघितलं. अख्खी अमेरिका सोडून त्यांनी नकाशा मोठा करत करत ओहायोतल्या एकाच काउंटीवर आणून ठेवला होता. आपल्या तालुक्याएवढी असेल. मंदार राहतो ती.

तिथे गाढवाची मतं हळूहळू वाढत होती. प्रत्येक वेळी आकडा बदलला की फडके स्क्रीनवर बोट ठेवायचे. माझ्याकडे न बघता म्हणाले, “यात एक त्याचं असेल.”

सरकार हत्तीचं आलं. आमच्या बसमध्ये लाडू वाटले गेले, आणि फडक्यांनी आपला लाडू डब्यात ठेवून दिला.

* * *

आता कोणी म्हणेल, कादरभाईंची काय मजा झाली असेल, पोरगा त्यांच्या पक्षात गेला. तर तेही ऐका. हे जरा आधीचं आहे, सरकार गाढवाचं होतं तेव्हाचं.

आमच्या मेंटेनन्समध्ये बासिम नावाचा पॅलेस्टिनी इंजिनियर होता. त्याची गाडी गॅरेजला होती म्हणून आठवडाभर आमच्या बसने यायचा. आमचा वाद इंग्रजी-हिंदीत चालला की त्याला थोडा कळायचा. तिकडे त्याच्या गावावर बॉम्ब पडत होते आणि त्याच्या बहिणीचा फोन कधी लागायचा, कधी नाही. एका सकाळी दोन्ही रांगा जोरात भांडत असताना तो शांतपणे म्हणाला, “हबीबी, तुमच्यातलं कोण जिंकलं की हे थांबेल? मला सांगा, मी त्याच्या बाजूला बसतो.”

तो दोन रांगांच्या मधल्या वाटेत उभा होता. दोन्ही बाजूंना सीटा रिकाम्या होत्या, आणि तो हमरियापर्यंत उभाच राहिला.

त्या दिवशी दुपारी कादरभाई जेवले नाहीत. मी विचारायला गेले तर स्टोअरमध्ये एका खोक्यावर बसले होते. मला म्हणाले, “वैशाली, बॉम्बवर हत्ती काढलाय की गाढव, खाली उभ्या असलेल्याला काय दिसणार?” पुढे बरेच दिवस त्यांनी पक्षाची बाजू मांडली नाही. फडक्यांनी जिंकायची ती संधी साधली नाही, हे त्यांचं मोठेपण मी विसरणार नाही. ते नुसते शेजारी बसून राहायचे.

* * *

मग हत्तीवाल्यांनी मागच्या खेपेला अॅल्युमिनियमवर लावलेला टॅरिफ आणखी वाढला. अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या मालावरची जकात एकदम चढवली. आमचा सगळ्यात मोठा खरेदीदार तिकडचा. त्याने आधी ऑर्डर पुढे ढकलली, नंतर रद्द केली. कागदपत्रं माझ्याकडेच येतात, त्यामुळे बातमी मला आधी कळली, आणि सांगायची कुणाला हे मला कळेना. नाइट शिफ्ट बंद झाली. मग अमेरिकेच्या मार्केटसाठी जो सेल्स विभाग होता तोच बंद करायचं ठरलं. म्हणजे फडकेसाहेब.

फॅक्टरी उभी राहिली तेव्हापासूनचा माणूस. वय साठीचं. महिनाअखेरीला नोकरी खलास, त्यामागोमाग व्हिसा कॅन्सल, आणि इथला सगळा संसार आवरायचा.

संध्याकाळी ते बसमध्ये चढले तेव्हा सगळ्यांना कळलेलं होतं. ते नेहमीप्रमाणे उजवीकडे बसले. आणि मी सांगते, सगळी बस कादरभाईंकडे बघत होती. एवढी वर्षं दोघांनी एकमेकांना सोडलं नव्हतं, आणि आज तर ताटात वाढून आलं होतं. फडक्यांच्याच हत्तीने फडक्यांनाच तुडवलं, एवढंच म्हणायचं बाकी होतं. फडके स्वतःही वाट बघत असावेत. मान ताठ ठेवून बसले होते.

कादरभाई डावी रांग सोडून उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

“साहेब,” ते म्हणाले, “आधीचा टॅरिफ आमच्यांनी तरी कुठे काढला होता?”

फडके खिडकीकडे तोंड करून रडले. रस्त्यावरच्यांना दिसू नये म्हणून कादरभाईंनी पेपर उचलून खिडकीला धरला.

* * *

आता शेवटचा. हा मला कादरभाईंनी सांगितला, आणि अर्धा फडक्यांनी.

सुलभावहिनी त्या वेळी ओहायोतच होत्या. सुनेचं बाळंतपण करायला गेल्या होत्या. नात झाली होती. फडक्यांनी नातीचा फोटो पाहिला तो वहिनींच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर, जसा आम्ही सगळ्यांनी पाहिला तसा. मला दाखवत होते, नाक सुलभाचं आहे बघ. मी म्हटलं, साहेब, फोन करा हो. म्हणाले, त्याने करावा.

पण कादरभाईंनी पिच्छा सोडला नाही. फोन करू नका, उठून जाच, असं त्यांचं म्हणणं. फडक्यांचा जुना अमेरिकन व्हिसा कधीच संपलेला. शेवटी ते तयार झाले. मंदारला कळवायचं नाही, या अटीवर. फक्त वहिनींना सांगितलं. दुबईत वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळाली. फडक्यांनी गाडी विकून टाकली होती, म्हणून कादरभाईंनी रजा टाकली आणि त्यांना घेऊन गेले. आत फोन नेता येत नाही, तेव्हा फडक्यांनी फोन कादरभाईंच्या हातात दिला आणि इस्त्रीचा शर्ट सारखा करत आत गेले.

आत काय झालं ते फडक्यांनी नंतर सांगितलं, पण मी ते आधीच सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खिडकीतला अधिकारी तरुण होता, वागायला चांगला. त्याने विचारलं, तिकडून परत कुठे याल? फडके सवयीने म्हणाले, शारजाला. मग त्यांनाच आठवलं की शारजा महिनाअखेरीपर्यंतच. म्हणाले, पुण्याला. पुण्यात कोण आहे? कुणी नाही, फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला.

मग त्याने विचारलं, मुलगा काय करतो?

फडक्यांनी कंपनीचं नाव सांगितलं. ती जुनी, मंदारने केव्हाच सोडलेली. अधिकाऱ्याने विचारलं, अजून तिथेच आहे का? फडक्यांना माहीत नव्हतं. घरात रोज ते बोललं जात होतं आणि ते बाल्कनीत दार लोटून उभे राहिले होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी त्या काउंटीचं सांगायला सुरुवात केली. आधी कुठला पक्ष यायचा, मग कसं फिरलं, कुठल्या भागात कुणाला किती टक्के, शाळेच्या बोर्डावर कोण निवडून आलं. सगळं पाठ होतं. अधिकाऱ्याने मधे तोडलं नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, त्या जागेबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.” आणि पासपोर्ट खिडकीतून परत दिला. ज्यांना व्हिसा मिळतो त्यांचा पासपोर्ट आत ठेवून घेतात.

हे आत चाललेलं असताना बाहेर कादरभाईंच्या हातात फडक्यांचा फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, मंदार. ओहायोत मध्यरात्र उलटून गेली होती. कादरभाई म्हणतात, घेऊ की नको, घेऊ की नको. बंद पडायच्या बेतात त्यांनी घेतला.

मंदार म्हणाला, “बाबा?”

“बेटा, मी कादरकाका.”

“काका, आईने आत्ता सांगितलं. बाबा कुठे आहेत?”

“अमेरिकेत,” कादरभाई म्हणाले. मग घाईने पुढे सांगितलं, “अरे बाबा, वकिलातीत गेलेत. फाटकाच्या आत तुमचंच राज्य ना? येतील एवढ्यात परत. ठेवू नको, धरून ठेव.”

मंदारने धरून ठेवला. कादरभाईंनी त्याला काही विचारलं नाही. मी त्यांना म्हटलं, एवढा वेळ होता, काही तरी बोलायचं, नातीचं विचारायचं. तर म्हणाले, विचारलं असतं तर सांगितलं असतं त्याने, पण आधी मी ऐकणं बरोबर नव्हतं. दोघं नुसते फोन धरून होते. मधे एकदा लांबून बाळ रडल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

फडके बाहेर आले. लांबूनच कादरभाईंना हातातला पासपोर्ट दिसला आणि ते समजले. त्यांनी फोन पुढे केला. फडक्यांनी स्क्रीनवरचं नाव वाचलं. चष्मा काढला, परत घातला. फोन कानाला लावला. पलीकडून मंदार “बाबा, काय झालं? मिळाला?” असं विचारत होता, ते कादरभाईंनाही ऐकू येत होतं.

फडके म्हणाले, “मंदार, तू हल्ली काम काय करतोस रे?”